देवीचा हुकूम आणि आपची आरती

नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्यापासून गुजरातची हद्द फार लांब नाही. उत्तरेला तापी आणि तिच्या पलीकडे सातपुडा, पश्चिमेला उच्छल-सोनगडचा मुलूख, दक्षिणेला नवापूर आणि त्यापुढे डांगचं जंगल. इथल्या भिल, मावची, कोकणी कुटुंबांच्या सोयरिकी, त्यांचे बाजार आणि त्यांचे देव यांनी राज्याची सीमा कधी जुमानली नाही. शंभर वर्षांपूर्वी पालघरच्या किनाऱ्यावर उठलेली एक देवी म्हणूनच डोंगरवाटांनी या बाजूला येऊ शकली. तिच्यानंतर पंधरा वर्षांनी तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावी एका भिल माणसाने आरती सुरू केली आणि तिला हजारो लोक जमले. दोन्ही वेळा सांगणं एकच होतं: दारू सोडा. दोन्ही वेळा ते देवाच्या नावाने सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा गुत्तेदार, सावकार आणि सरकार अस्वस्थ झाले. गरीब माणूस दारू सोडतो म्हणून सत्तेला घाम फुटावा, ही गोष्ट वरवर विचित्र वाटते. तिचं कारण मोहाच्या फुलात आणि 1878 च्या एका कायद्यात आहे.

मोहाचं फूल आणि अबकारीचा कायदा

चैत्राच्या तोंडावर मोह फुलतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि उन्हं तापायच्या आत बायका-पोरं तो टोपल्यांत वेचतात. फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्यातल्या टंचाईत पोटाला आधार होतो आणि सणासुदीला त्यांचीच दारू गाळली जाते. ही दारू आदिवासींच्या जगण्यात व्यसन म्हणून आलेली नव्हती. मूल जन्मलं, सोयरीक जुळली, माणूस गेला, की दारूची धार धरित्रीवर सोडायची आणि मग पंगतीने प्यायची. सातपुड्यातल्या आदिवासींची कुलदेवता याहामोगी. गुजरातच्या सागबारा तालुक्यातल्या देवमोगऱ्याला महाशिवरात्रीच्या सुमारास तिची यात्रा भरते. तिथे भाविक नव्या धान्याबरोबर मोहाची दारू घेऊन जातात. देव आणि माणूस एकाच भांड्यातून घेतात, अशी ही श्रद्धा आहे.

या व्यवहारात सरकार शिरलं ते अबकारीच्या रस्त्याने. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा ठरवलं. दारू बनवायची ती सरकारमान्य भट्टीत आणि विकायची ती ठेकेदाराच्या दुकानात, असा नियम झाला. 1892 च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. जे फूल अंगणात पडत होतं ते चोरीचा माल ठरलं आणि जी दारू फुकट मिळत होती ती पैसे मोजून घ्यावी लागली.

पैसा आदिवासींकडे नव्हता, म्हणून उधारी सुरू झाली. पीक निघेपर्यंत दुकानदार खात्यावर प्यायला देई आणि खळ्यावर येऊन धान्याच्या रूपाने वसुली करी. हिशेब त्याच्या वहीत आणि अंगठा आदिवासीचा. दक्षिण गुजरातमध्ये हे ठेके मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांकडे होते. उधारीपोटी हातात आलेल्या जमिनींवर त्यांच्यातले अनेक जण मोठे जमीनदार झाले. पश्चिम खानदेशात वाट थोडी वेगळी होती, पण पोचवायची तिथेच. जंगल राखीव झालं, तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस वाढला, बाहेरून आलेले शेतकरी स्थिरावले आणि कर्जापायी भिलांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या. कालचा मालक आज त्याच शेतावर सालदार झाला. सालाच्या सुरुवातीला उचल घ्यायची, वर्षभर राबायचं आणि वर्षाअखेर हिशेब केला तर उचल फिटलेली नसायची. या साखळीतल्या जवळपास प्रत्येक कडीला दारू चिकटलेली होती. उधारी तिच्यासाठी, अंगठा तिच्या भरात आणि दिवसभराच्या अपमानावर उतारा पुन्हा तीच.

एकट्याने यातून सुटणं फार अवघड होतं. एखाद्याने दारू नाकारली तर दुकानदार जुनी वही काढायचा, मालक काम नाकारायचा आणि आपलेच भाऊबंद म्हणायचे, याने रीत मोडली, देवाचा वाटा नाकारला. सोडायची तर सगळ्यांनी एकदम सोडायला हवी होती आणि सगळ्यांना एकदम सांगू शकेल असा अधिकार गावात एकाच आवाजाला होता. तो देवाचा.

1922: सलाबाई येते

हा आवाज पहिल्यांदा किनाऱ्यावर ऐकू आला. 1922 च्या सुरुवातीला पालघरच्या मच्छीमार वस्त्यांत देवीची, म्हणजे मसुरिकेची साथ आली होती. ती शांत व्हावी म्हणून बायका जमू लागल्या, काहींच्या अंगात येऊ लागलं. एरवी असे विधी साथ ओसरली की थांबतात. हा थांबला नाही. गावाने देवीला शिवेपर्यंत पोचवायचं, पुढच्या गावाने तिचं स्वागत करायचं, असं करत ती पूर्वेकडे सरकली. डोंगरात शिरल्यावर तिचं रूप पालटलं. रोग टाळणारी देवी आता कसं जगावं हे सांगू लागली. लोक तिला सलाबाई म्हणू लागले. सुरगाणा, धरमपूर, डांग असं करत ती पश्चिम खानदेशात आली आणि पावसाळा सरल्यावर सोनगड, व्यारा, बारडोलीकडे वळली.

इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी सरकारी दप्तरं वाचून आणि 1980 च्या सुमारास हयात असलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांशी बोलून या प्रवासाची जुळणी केली. 9 नोव्हेंबर 1922 रोजी दक्षिण गुजरातमधल्या शेखपूर गावाजवळच्या शेतात काय घडलं, हे त्यांच्या लेखनातून आपल्याला तपशिलाने कळतं. सुमारे दोन हजार आदिवासी जमले होते. पानांच्या मांडवाखाली देवीची माणसं बसली होती. त्यांच्या हातात तांबडं कापड होतं. ती डोकं घुमवू लागली आणि अंगात संचार झाल्यावर, जणू त्या कापडावर लिहिलेलं वाचावं तसे हुकूम देऊ लागली. दारू आणि ताडी पिऊ नका. मांस-मासे खाऊ नका. पुरुषांनी दिवसातून दोनदा, बायकांनी तीनदा अंघोळ करा. स्वच्छ, साधे राहा. पारशांशी कसलाही संबंध ठेवू नका. हुकूम संपल्यावर देवीच्या वेषातल्या एका मुलीपुढे लोकांनी नाणी ठेवली आणि मग सगळे एका पंगतीला जेवले.

यादीतला शेवटचा हुकूम महत्त्वाचा आहे. अंघोळ, शाकाहार, दारूबंदी हे सारं वाचून कुणी म्हणेल की आदिवासी उच्चवर्णीयांची नक्कल करत होते. पण दारूचा ठेकेदार आणि जमिनीचा मालक एकच असलेल्या मुलखात त्याच्याशी संबंध तोडणं, त्याचं काम नाकारणं, ही नक्कल नव्हे. ज्या आचारांच्या जोरावर इतर लोक स्वतःला शुद्ध आणि आदिवासीला हलका समजत, तेच आचार त्याने उचलले आणि बरोबरीने उभं राहण्याचा हक्क सांगितला. हार्डिमन यांचं प्रतिपादनही याच दिशेने जातं.

परिणाम लगेच दिसले. दारूची दुकानं ओस पडली. कोंबड्या-बकऱ्या विकल्या किंवा सोडून दिल्या गेल्या. गांधीजी मार्चपासून तुरुंगात होते, पण त्यांचं नाव देवीच्या तोंडी आलं. विहिरीत डोकावलं की गांधी सूत कातताना दिसतात, असं गावोगाव सांगितलं जाऊ लागलं. ज्यांनी गांधींना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी त्यांना आपल्या देवीच्या शेजारी जागा दिली. काँग्रेसचे कार्यकर्ते या लाटेपर्यंत नंतर पोचले. जानेवारी 1923 मध्ये शेखपूरलाच मोठी परिषद झाली आणि तिला वल्लभभाई पटेल व कस्तुरबा हजर राहिले. पुढे वेडछीला आश्रम उभा राहिला, जुगतराम दवे यांच्यासारखी गांधीवादी माणसं तिथे आयुष्यभर राहिली.

दबावाची दुसरी बाजू

लाट जितक्या वेगाने चढली तितक्याच वेगाने अनेक ठिकाणी उतरली. जमीनदार आणि दुकानदार गप्प बसले नाहीत. धाक, आमिष, जुन्या कर्जाचा तगादा, सगळं वापरलं गेलं. पण चळवळ फक्त बाहेरच्या विरोधाने सैल झाली असं म्हणणं खरं होणार नाही. देवीचा हुकूम मानण्यामागे श्रद्धा होती, तसा धाकही होता. हुकूम मोडला तर देवी कोपेल, घरात कुणी दगावेल, ही भीती सगळ्यांच्या मनात होती. काही महिने गेले, कुणी चोरून प्यायलं आणि देवी काही कोपली नाही. मग दुसरा प्यायला, तिसरा प्यायला.

1923 सालात गावंच्या गावं दोन गटांत विभागली गेली. नेम पाळणारे ते वरजेला आणि जुन्या रीतीकडे परतलेले ते सरजेला. वरजेलांनी सरजेलांच्या घरचं पाणी टाळलं, सोयरिकी अडल्या, एकाच पाड्यात दोन पंगती झाल्या. सरजेलांचं म्हणणंही कानाआड करण्यासारखं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवांना दारू आणि कोंबडा लागतो. बाहेरून आलेली देवी तो बंद करते, तर आमच्या देवांनी जायचं कुठे? सुधारणेच्या भरात आदिवासींच्या स्वतःच्या श्रद्धांना हीन ठरवण्याची चूक झाली आणि पुढच्या अनेक सुधारकांनीही ती पुन्हा पुन्हा केली.

तरीही सलाबाईची लाट पूर्ण वाया गेली नाही. एक अनुभव मागे उरला: आपण सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तर गुत्त्याचं दार बंद होतं. हा अनुभव पश्चिम खानदेशात पंधरा वर्षांनी पुन्हा उपयोगी आला.

मोरवडची आरती

1937 साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. दारूबंदी हा त्याच्या कार्यक्रमातला एक मुख्य विषय होता. त्याच सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडमध्ये गुलाम महाराजांनी लोकांना जमवायला सुरुवात केली. ते स्वतः भिल होते. सलाबाईप्रमाणे इथे कुणाच्या अंगात येत नव्हतं. ठरलेल्या दिवशी आरती होई, भजन होई आणि महाराज लोकांशी बोलत. दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, घर आणि मन स्वच्छ ठेवा. पहिल्यांदा आसपासचे लोक आले, मग सातपुड्याच्या पाड्यांवरून, तापीच्या दोन्ही तीरांवरून माणसं पायी येऊ लागली. 1938 च्या पहिल्या महिन्यांत ही गर्दी इतकी वाढली की सरकारी अहवालांना तिची दखल घ्यावी लागली.

या पंथाची एक रीत सगळ्यात जास्त बोलकी आहे. अनुयायी एकमेकांना ‘आप’ म्हणत आणि भेटल्यावर ‘आप की जय’ असा जयघोष करत. मालक, तलाठी, शिपाई, दुकानदार ज्यांना आयुष्यभर अरे-तुरे करत आले, ते सालदार आणि मोलकरी आता एकमेकांना आदराने हाक मारत होते. त्याला पैसा लागत नव्हता, कुणाची परवानगी लागत नव्हती. लोकांनी या पंथाला आप धर्म असंच नाव दिलं. दारू सोडल्याने घरात धान्य उरलं, हे खरं. पण शेजारच्या भिलाने ‘आप’ म्हटल्यावर माणसाला आपली जी किंमत कळली, त्यामुळे तो दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोरवडला गेला, असं मला वाटतं.

गुलाम महाराज फार काळ राहिले नाहीत. 1938 मध्येच त्यांचं निधन झालं आणि धुरा त्यांचे भाऊ रामदास महाराज यांच्याकडे आली. माणूस गेला की पंथ विझतो, अशी अनेकांची अटकळ असणार. इथे ती खोटी ठरली. रामदास महाराजांच्या काळात आरतीचं वळण आणखी धीट झालं. लोक हक्काचं बोलू लागले, दडपशाहीला विरोध करू लागले. सरकारने रामदास महाराजांना हद्दपार केलं, पण अनुयायी पांगले नाहीत.

2 मार्च 1943

1942 च्या आंदोलनाने सगळा खानदेश पेटला होता. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबतचे लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ही पाच नावं नंदुरबार शहरात प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहेत.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत दुसरा गोळीबार झाला. त्याचं ठिकाण होतं तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतलं रावलापाणी. रामदास महाराजांचे अनुयायी तिथे जमले होते. 2 मार्च 1943 रोजी इंग्रजांच्या फौजेने त्यांना गाठलं आणि डोंगरातल्या नाल्यात अडकलेल्या या लोकांवर गोळ्या झाडल्या. 15 आदिवासी जागीच ठार झाले, अनेक जखमी झाले आणि कित्येकांची धरपकड झाली. आरती करणाऱ्या, दारू न पिणाऱ्या, एकमेकांना ‘आप’ म्हणणाऱ्या माणसांचा हा जमाव होता. दर वर्षी 2 मार्चला लोक रावलापाणीला जातात आणि मानवंदना देतात. पण तालुक्याबाहेर, जिल्ह्याबाहेर हे नाव किती जणांना ठाऊक आहे? शहरातल्या मुलांचं बलिदान पाठ्यपुस्तकांत गेलं, पाड्यावरच्या माणसांचं बलिदान पाड्यावरच राहिलं.

मांडवाकडून संघटनेकडे

स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूवर बंदी आली. 1960 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. गुजरातने बंदी कायम ठेवली, महाराष्ट्राने ती हळूहळू सैल केली. त्यामुळे धानोऱ्याच्या परिसरातल्या गावांच्या वाट्याला एक वेगळंच दुखणं आलं. सीमेच्या अलीकडे परवान्याची दुकानं आणि पलीकडे बंदी, म्हणजे चोरट्या व्यापाराला आयता रस्ता. कायदा वरून आला, पण मांडवाखाली बसून ठरवलेल्या निर्णयाचं बळ त्याच्यात नव्हतं.

ते बळ पुन्हा दिसलं शहाद्यात, 1970 च्या दशकात. 2 मे 1971 रोजी पाटीलवाडीला जमीनमालकांच्या बाजूने आदिवासींवर गोळीबार झाला आणि जमीन, मजुरी, सालदारकी हे प्रश्न उघड्यावर आले. अंबरसिंग सुरतवंती या भिल तरुणाने लोकांना संघटित केलं. ते भजनं म्हणत, लोक त्यांना महाराज म्हणत आणि मोरवडच्या आरतीचं वळण त्यांच्या बोलण्यात होतं. 1972 मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. तिच्या शिबिरांत बायका बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा मजुरीच्या आधी त्यांनी दारूचा विषय काढला. नवरा मजुरी पिऊन येतो आणि घरी मारतो, हे त्यांचं म्हणणं होतं. बोलून त्या थांबल्या नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी गाळायची मडकी फोडली, अड्डे बंद पाडले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला.

हुकूम इथे देवीचा नव्हता, बायकांचा स्वतःचा होता. दबाव मात्र तोच जुना, गावाचा. फरक एवढाच आणि तो मोठा आहे, की या दबावाला कारण विचारता येत होतं. देवीला प्रश्न विचारता येत नाही. सभेत विचारता येतो.

काय घ्यायचं, काय टाकायचं

या पन्नास वर्षांच्या कथेकडे आज बघताना दोन घाईचे निष्कर्ष टाळायला हवेत. पहिला, की अंगात येणं ही निव्वळ अंधश्रद्धा आणि तिच्यात शिकण्यासारखं काही नाही. ज्यांच्याकडे वर्तमानपत्र नव्हतं, मतदान नव्हतं, न्यायालयाचा रस्ता नव्हता, त्यांनी आपल्याकडे असलेल्या एकमेव सार्वजनिक व्यासपीठावरून अन्यायाला नाव दिलं. ते व्यासपीठ म्हणजे मांडव. दुसरा, की श्रद्धेने चांगलं घडलं म्हणून श्रद्धेच्या धाकाला मोकळं रान द्यावं. याच मुलखात आजही भगताच्या शब्दावर एखादी बाई डाकीण ठरते, तिला मारहाण होते, तिचं घर गावातून उठवलं जातं. वरजेला-सरजेलांनी एकमेकांचं पाणी तोडलं तोच बहिष्कार आज जातपंचायतींच्या हातात दिसतो. म्हणूनच महाराष्ट्राला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आणि 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. गावाची एकजूट दुकानदाराविरुद्ध उभी राहते, तीच एकट्या बाईविरुद्धही उभी राहू शकते. तिची दिशा कोण ठरवतं आणि तिला नकार देण्याची मुभा किती आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

माझ्या मते सलाबाई, मोरवड आणि शहादा या तिन्हींचा निकाल एकच आहे. लोकांचं वागणं बदलतं ते त्यांची प्रतिष्ठा वाढते तेव्हा. धाकाने सोडलेली दारू वर्षभरात परत आली. ‘आप’ म्हणवून घेतलेल्या माणसाने मात्र ती गोळीबारासमोरही सोडलेलीच ठेवली. नंदुरबार जिल्ह्यात आज ग्रामसभा आहेत, आदिवासी भागातल्या या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, मतदानाने बाटली आडवी करण्याचा अधिकार आहे. या साधनांच्या मागे कुणाची पायपीट होती, हे इथल्या मुलांना कळलं पाहिजे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत 9 सप्टेंबर पाळला जावा, आणि त्याच्या जोडीने 2 मार्चही पाळला जावा. रावलापाणीच्या 15 जणांचं एवढं देणं आपण लागतो.